तोंड राहू दे, भार बघा: ऑईल पेस्टलने रोज माणसं कशी काढायची

शाळेत असताना ऑईल पेस्टलने आपण सगळ्यांनीच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि नारळाचं झाड रंगवलंय, आणि मग दहावीनंतर ती पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. त्यामुळे कोणी म्हणालं की मला फिगर ड्रॉइंग शिकायचंय, माणसं काढायची आहेत, तर लोक लगेच सांगतात पेन्सिल घे, चारकोल घे, पेस्टल काय पोरांचं काम. माझं मत बरोबर उलटं आहे. ज्याला कधी कागदावर माणूस नीट उभा करता आला नाही त्याने खुशाल ऑईल पेस्टलने सुरुवात करावी, आणि कारण एकच, ती कांडी जाड आहे.

पेन्सिल हातात आली की आपण डोळ्यापासून सुरू करतो, मग पापण्या, नाक, ओठ, मान, आणि खांद्यापर्यंत येईतो कागद संपत आलेला असतो, पाय राहतात वाऱ्यावर. पेस्टलच्या बोथट टोकाने ए-फोर कागदावर उभ्या माणसाचा डोळा काढताच येत नाही, चेहरा म्हणजे फार तर एक डाग. मग बघायला उरतं काय, तर माणूस उभा कसा आहे, भार कुठल्या पायावर टाकलाय, कंबर कुठल्या बाजूला गेलीय. सुरुवातीचे काही महिने शिकायचं असतं ते एवढंच, आणि कांडी तुम्हाला ते जबरदस्तीने शिकवते.

आमच्या मालवणात संध्याकाळी मासे उतरतात तेव्हा मी कागद घेऊन बसते, तिथल्या एका मावशीने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "माका काढ गो, पण तोंड काढू नको." फिगरवाल्याला याच्याहून चांगला सल्ला आजवर कोणी दिला असेल असं मला वाटत नाही.

सामान

फार काही लागत नाही. कॅमलची नाहीतर डोम्सची २५ शेडची पेटी कुठल्याही स्टेशनरीत मिळते, सरावाला तेवढी भरपूर झाली. या विद्यार्थ्यांसाठीच्या कांड्या जरा कडक असतात, एकावर एक थर फार चढत नाहीत, पण रोजच्या दहा-बारा झटपट फिगरना कडक कांडी उलट बरी, लवकर झिजत नाही. हात बसल्यावर मुनग्यो गॅलरी किंवा साकुराचे वरचे प्रकार घेऊन बघा, ते मऊ असतात, रंग लोण्यासारखा बसतो. ऑईल पेस्टल हा प्रकार मुळात जपानचाच, साकुरा कंपनीने क्रे-पास नावाने १९२५ मध्ये आणला, शाळेतल्या मुलांसाठीच. मोठ्या चित्रकारांसाठीचा मऊ प्रकार पॅरिसच्या सेनेलिएने १९४९ मध्ये बनवला, तोही पिकासोला कुठल्याही पृष्ठभागावर चालेल असा रंग हवा होता म्हणून. म्हणजे पोरांचं काम म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

एक गोष्ट आधीच समजून घ्या म्हणजे पुढे वैताग येणार नाही. ऑईल पेस्टलमध्ये रंगद्रव्य, मेण आणि न वाळणारं तेल असतं. ऑईल पेंटमधलं जवसाचं तेल हवेत हळूहळू कडक होतं, यातलं होत नाही, त्यामुळे चित्र उद्या वाळेल, परवा वाळेल अशी वाट बघू नका, ते कधीच पूर्ण वाळत नाही. हात लागला की फासतं. मेणाचे क्रेऑन ही वेगळी चीज आहे आणि भुकटी उडणारे सॉफ्ट पेस्टलही वेगळे, दुकानदार तिन्हीला पेस्टलच म्हणतो, तेव्हा पेटीवर ऑईल लिहिलंय ना ते बघून घ्या.

कागद म्हणाल तर सरावाला वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद. त्याची एक बाजू चकचकीत असते, एक खरखरीत, खरखरीत बाजू वर घ्यायची. खाकीचा फायदा असा की कागद मुळातच मध्यम गडद असतो, गडद रंगाने सावली टाकली, फिकटाने उजेड टाकला की मधला भाग कागद आपोआप देतो, अर्धं काम फुकटात. हा कागद टिकाऊ नाही, काही वर्षांत ठिसूळ होतो, पण सरावाचे कागद जपून कुणाला ठेवायचेत. जपायचं चित्र असेल तेव्हा जाड कार्ट्रिज किंवा हँडमेड घ्या. कॅलेंडरच्या गुळगुळीत पाठीवर प्रयत्न करू नका, रंग घसरतो, पकडच मिळत नाही.

मग एक जुना बनियन फाडून केलेलं फडकं (कांडीचं टोक पुसायला, हे सतत लागतं), एक खिळा, आणि एक जुनं एटीएम कार्ड. खोडरबर आणूच नका, तो ऑईल पेस्टल पुसत नाही, पसरवतो.

आता पेटी उघडून दोन कांड्या बाजूला काढा. एक काळी, कारण काळा एकदा लागला की हाताला, फडक्याला, शेजारच्या रंगाला, सगळ्याला लागतो आणि सगळी सावली कोळशासारखी मेलेली दिसते. दुसरी ती गुलाबीसर कांडी जिला सगळे स्किन कलर म्हणतात. कोकणात त्या रंगाचा माणूस मला तरी अजून दिसलेला नाही.

रोजचा अर्धा तास

वेळ ठरवताना उजेड बघून ठरवा. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं असतं, माणसाची एक बाजू उजेडात आणि एक सावलीत सरळ दोन तुकड्यांत पडते, बघायला सोपं जातं. दुपारी बाराला डोक्यावरून ऊन येतं तेव्हा सगळ्या सावल्या पायात गोळा होतात आणि मधला माणूस सपाट दिसतो, त्या वेळी सुरुवातीला नको.

अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं फक्त झटपट पोज. कांडीचा कागद सोला, कांडी मोडून दोन बोटं रुंद तुकडा घ्या (मोडताना जीव तुटतो, माहितीये, पण मोडा) आणि तो आडवा धरा, टोकाने नाही तर कुशीने काढायचं. एका फिगरला एक मिनिट, पुढे सवय झाली की तीस सेकंद. एकच रंग, चॉकलेटी किंवा विटकरी. आडव्या तुकड्याने एक फटकारा डोक्यापासून भार असलेल्या पायापर्यंत, हा आख्ख्या शरीराचा ओघ. मग छातीचा एक ठोकळा, कमरेचा एक ठोकळा, दोघांमधला कल, आणि मग हात-पाय. डोकं शेवटी, एक डाग. मिनिट झालं की थांबायचं, अर्धवट राहिलं तरी थांबायचं, तो हात उद्या काढू.

उरलेली वीस मिनिटं एकच पोज, शांतपणे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे यातही एकच रंग ठेवा, पण आता सावली भरायची. डोळे बारीक करून बघा, पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक सगळं गायब होतं आणि दोनच गोष्टी उरतात, उजेड आणि सावली. सावलीचा आकार आधी काढा, एक सलग आकार, हातावरची सावली, पोटावरची सावली, मांडीवरची सावली एकमेकांना जोडलेली असेल तर जोडूनच काढा, मधे रेघ मारून वेगळी करू नका. एका रंगाचं हे जमेपर्यंत दुसरा रंग घ्यायची घाई करू नये असं मला वाटतं. लोक इथेच कंटाळतात, रंगांची पेटी समोर असताना एकाच रंगाने काढायचं म्हणजे शिक्षा वाटते, पण तिसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागतो.

भार कसा ओळखायचा

गवंड्याचा ओळंबा माहितीये ना, दोरीला लोखंडी वजन बांधलेला. तसा एक घरी करा, दोरीला दगड बांधला तरी चालेल. माणूस समोर उभा असेल तर ओळंबा हातात लांब धरून एक डोळा मिटा आणि दोरी त्याच्या गळ्याच्या खळीवरून सोडा. माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा असेल तर दोरी दोन पावलांच्या मधोमध पडेल, एका पायावर भार टाकून उभा असेल तर त्याच पायाच्या घोट्यापाशी पडेल. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारा कुठलाही माणूस बघा, पाच मिनिटांच्या आत तो एका पायावर येतोच.

आता एका पायावर भार आला की बाकीचं शरीर काय करतं ते बघा. ज्या पायावर भार आहे त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, कारण तो पाय सरळ ताठ असतो आणि खालून ढकलत असतो, दुसरा पाय गुडघ्यात सैल असतो म्हणून त्या बाजूची कंबर खाली घसरते. मग वरचं शरीर पडू नये म्हणून खांदे उलट्या बाजूला कलतात, कंबर जिथे वर तिथे खांदा खाली. म्हणजे दोन तिरक्या रेघा, एक कमरेची एक खांद्याची, एकमेकींकडे झुकलेल्या. या दोन रेघा बरोबर पडल्या तर माणूस कागदावर उभा राहतो, मग हात कितीही वेडावाकडा असू दे. आणि या दोन रेघा समांतर काढल्या तर चेहरा कितीही हुबेहूब जमू दे, माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा ताठ.

कमरेवर कळशी घेतलेल्या बाईत हेच जास्त ठळक दिसतं, कळशीच्या बाजूची कंबर बाहेर काढून तिने कळशीला बैठक दिलेली असते आणि वरचं अंग दुसऱ्या बाजूला झुकवलेलं, मोकळा हात बाहेर. डोक्यावर माशांची पाटी असली की गोष्ट बदलते, तेव्हा मानेपासून पाठ सरळ रेषेत येते आणि सगळी हालचाल कमरेच्या खाली जाते. दोन्ही बायका एकाच कागदावर शेजारी काढून बघा.

मापं फार पाठ करत बसू नका पण चार लक्षात ठेवलेली बरी. उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढा उंच. उंचीचा मध्य पोटाशी नसतो, खाली जांघेपाशी असतो, सगळे नवखे लोक पाय आखूड काढतात ते यामुळे. पंजा हनुवटीपासून जवळजवळ केसांच्या रेषेपर्यंत पोचतो, म्हणजे आपण काढतो त्याहून मोठा. आणि पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं लांब असतं, विश्वास बसत नसेल तर आत्ता पाय लावून बघा. बोटं काढायची नाहीत, पंजा म्हणजे एक ठोकळा आणि अंगठा वेगळा, पाऊल म्हणजे पाचर.

माणसं कुठे मिळतील

शहरातल्या कला महाविद्यालयात मॉडेल बसवतात, आपल्याकडे मॉडेल कुठून आणणार असं बरेच जण विचारतात. अहो कोकणात काय कमी आहे.

रापण ओढताना बघितलंय का कधी? दांडीच्या किनाऱ्यावर, तारकर्लीकडे, वेंगुर्ल्याकडे अजूनही ओढतात. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, एकेका दोराला माणसांची रांग, सगळे टाचा वाळूत रोवून मागे रेललेले. झटपट पोजला याच्यासारखी जागा नाही, कारण दहा माणसं एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, एक मिनिटात एक माणूस पूर्ण नाही झाला तर शेजारच्यावरून पुरा करायचा. आणि भाराचा धडा असा की इथे ओळंबा मुद्दाम चुकतो. गळ्याच्या खळीतून सोडलेली दोरी पावलांच्या पार मागे पडते, त्या हिशोबाने माणूस उताणा पडायला हवा, पण तो पडत नाही कारण दोराने त्याला धरून ठेवलंय. चित्र झालं की त्यातला दोर अंगठ्याने झाका. माणूस आता पडतोय असं वाटलं पाहिजे. दोर झाकूनही तो आरामात उभा दिसत असेल तर तुम्ही दोर ओढणारा काढलेला नाही, दोर धरून फोटोला उभा राहिलेला काढलाय.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर शेडमध्ये जाळी विणायचं, दुरुस्त करायचं काम चालतं. हा लांब पोजचा सीझन. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरलेलं, एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, मान खाली, आणि माणूस तासन्‌तास तसाच बसतो, फक्त हात हलतात. पुढे केलेला पाय तुमच्याकडे येत असेल तर मात्र गडबड होते, मन सांगतं पाय लांब असतो आणि डोळ्याला तो आखूड दिसत असतो. अशा वेळी कांडी हात ताठ करून समोर धरा, कोपर वाकवायचं नाही, एक डोळा मिटा, आणि कांडीवर अंगठा सरकवून डोक्याचं माप घ्या, मग तेच माप पायावर लावा. पाय दीड डोक्याएवढाच दिसतोय? मग दीडच काढा. मनाचं ऐकू नका. पाऊल मोठं आणि त्यामागे गुडघा जवळजवळ चिकटलेला, कागदावर काढताना हास्यास्पद वाटतं, लांबून बघितलं की बरोबर दिसतं.

उकिडवं बसणं हा आपला खास प्रकार, बाहेरच्या फिगरच्या व्हिडिओंत तो फारसा सापडत नाही कारण त्यांची माणसं तशी बसतच नाहीत. मासे विकणाऱ्या बायका, गुत्त्यावर बीडी ओढणारे बाप्ये, चुलीपुढची आजी. इथे साडेसात डोक्यांचा हिशोब गुंडाळून ठेवा आणि सगळ्या माणसाचा मिळून एक आकार बघा, बाहेरची कडा, एखाद्या चिऱ्याएवढा (जांभ्या दगडाच्या) घट्ट. आधी तो एक आकार सलग भरून टाका आणि मग त्यातून खिळ्याने किंवा फिकट रंगाने मांडी, दंड वेगळे काढा. आडाळ्यावर (विळीवर) नारळ खवणारी बाई काढायला आणखी मजा, एक पाय फळीवर, एक गुडघा वर, आणि भार दोन्ही हातांतून खाली नारळावर. घरातच मिळते, फक्त खवून होईपर्यंतच वेळ असतो, आणि मधे ती उठवून कामाला लावेल ही तयारी ठेवा.

श्रावणाच्या आसपास गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचे कारखाने, सुरू होतात. मूर्तिकार ओळखीचे असतील तर कोपऱ्यात बसू देतात. मूर्ती हलत नाही, पोज बदलत नाही, आणि रंग लागायच्या आधी सगळं मातीच्या एकाच रंगाचं असतं त्यामुळे उजेड-सावली इतकी स्वच्छ कुठेच दिसणार नाही. थंडीत जत्रांना दशावतार, तिथे रात्रभर एका बाकड्यावर राजा बसतो, राक्षस उभा राहतो, आणि नट लोक पोज धरून ठेवतात, समोरून एकच कडक लाईट. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीतली (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) माणसंही एकदा नीट निरखून बघा, तिथे सावली बिवली काही नाही, चेहरा बाजूने, पण हात आणि खांद्याच्या कलावरून कोण रागावलंय कोण घाबरलंय ते लांबून कळतं.

लोकांना विचारूनच काढा हो. लांबून चोरून काढलेलं कळतंच. विचारलं तर शंभरातले नव्वद हो म्हणतात, वर आमचं नाक मोठं काढू नको सांगतात. कागद दाखवा, मागितला तर देऊन टाका. अंघोळीची, कपडे बदलायची जागा असेल तिकडे तोंडसुद्धा करायचं नाही. पोरं जमतात, त्यांना एक कांडी आणि एक कागद देऊन टाकला की शांत.

रंग कधी आणि कसे

उजेड-सावली एका रंगात जमली की आता तीन कांड्या. गडदाला चॉकलेटी, मधल्याला विटकरी, उजेडाला पिवळा ऑकर (मातकट पिवळा). याने काळं-सावळं, गव्हाळ, सगळं अंग निघतं, फक्त प्रमाण बदलायचं. त्यानंतर जांभळी आणि निळी आणा, खरी मजा तिथे आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या सावलीत दोन रंग मिसळलेले असतात. वरून आणि समुद्राच्या बाजूने आकाशाचा निळा येतो, तो खांद्याच्या वरच्या भागावर, पाठीवर, कपाळाच्या सावलीतल्या बाजूवर पडतो. आणि खालून उन्हात तापलेल्या वाळूचा पिवळसर उजेड उलटा वर येतो, तो हनुवटीच्या खाली, दंडाच्या खालच्या बाजूला, पोटऱ्यांवर. म्हणून सावलीच्या वरच्या बाजूला निळा, खालच्या बाजूला विटकरी-नारिंगी. चिऱ्याच्या अंगणात बसलेल्या माणसाला खालून तांबडा उजेड मिळतो, वाळूपेक्षा जास्त. हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. आणि घामाने किंवा पाण्याने ओल्या पाठीवरची चकाकी पांढरी नसते, फिकट निळी असते, तिथे पांढरी कांडी लावली की प्लास्टिक दिसतं.

घरातल्या उजेडासाठी सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघा, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, फोटो सहज मिळतात. आहे जलरंगात, पण एकाच दिव्याचा उजेड बोटांमधून, हनुवटीखालून कसा चढतो ते बघण्यासारखं आहे. नंतर रात्री घरात लाईट गेली की (ती जातेच) मेणबत्ती जमिनीवर ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा.

थर चढवताना हलक्या हाताने सुरू करायचं. पहिला थर जोरात घासला तर कागदाची खरखर भरून जाते आणि वरचा रंग बसायला जागाच राहत नाही, नुसता घसरतो. दोन-तीन थर हलके, शेवटचा जोरात. फिकटावर गडद सहज जातो, गडदावर फिकट चढवायचा तर दाब द्यायला लागतो आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर टोक फडक्याला पुसायला लागतं, नाहीतर ऑकर चिखलाचा होतो. बोटाने चोळणं सगळ्यांना आवडतं, बोटाच्या उबेने रंग विरघळतो आणि छान गुळगुळीत होतं, पण आख्खा माणूस चोळू नका, साबणाने धुतल्यासारखा दिसतो. सावलीत चोळा, उजेडातले फटकारे तसेच ठेवा, आणि फटकारे मांडी जशी गोल वळते तसेच वळवून मारा.

कुठे चुकलं तर दोन उपाय. एटीएम कार्डाने थर खरवडून काढा आणि पुन्हा काढा. किंवा मागची पार्श्वभूमी आत घ्या, म्हणजे दंड जाड झाला असेल तर बाजूच्या समुद्राचा निळा दंडावर चढवून दंड बारीक करा. हा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो कारण त्याने माणसाच्या आजूबाजूची मोकळी जागा बघायची सवय लागते, कमरेवर हात ठेवला की हात आणि अंगाच्या मधे जो त्रिकोण पडतो तो त्रिकोण बरोबर काढला की हात आपोआप बरोबर येतो. आणि खिळा विसरू नका, जाळ्याचे धागे, लुंगीचे चौकडे, साडीचा काठ, पांढरे केस, हे कांडीने काढायला जाल तर जाड होतं, दोन थर चढवून वरचा खिळ्याने ओरखडा, खालचा रंग बारीक रेघेत वर येतो.

ऊन, पाऊस आणि बाकीचं

एप्रिल-मेमध्ये कांड्या मऊ पडतात, मऊ प्रकारच्या तर हातातच वितळायला लागतात. निघायच्या आधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आणि किनाऱ्यावर पेटी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर सगळ्या मिळून एक कांडी होईल. पावसात कांडीला काही होत नाही, तेल-मेण आहे, पाणी लागतच नाही, पण कागद दमट होतो आणि एखाद्या महिन्यात बुरशीचे ठिपके येतात. काढलेले कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आत सिलिका जेलच्या पुड्या (नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या टाकू नका), आणि दोन चित्रांच्या मधे बटर पेपर, कारण वाळत नाही ते, एकाचा माणूस दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतो.

हाताचा रंग नुसत्या साबणाने निघत नाही. आधी खोबरेल चोळा, फडक्याने पुसा, मग साबण. नखांत जातो तो दोन दिवस राहतो, त्याला इलाज नाही, पण हातानेच जेवणार असाल तर नखं नीट घासून घ्या.

प्रत्येक कागदावर खाली तारीख टाका आणि पहिल्या महिन्यातला एकही फाडू नका, कितीही भयानक असला तरी. पंधरा दिवसांनी सगळे जमिनीवर पसरा आणि खुर्चीवर उभं राहून वरून बघा. एकच चूक सगळीकडे सापडते, कुणाचे पाय आखूड, कुणाच्या सगळ्या माना डावीकडे, कुणाचे सगळे लोक कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात. जी सापडेल तिच्यावर पुढचे पंधरा दिवस, बाकी सगळं माफ.

आणि एखादं फ्रेम करावंसं वाटलं तर चारकोलवर मारतात तो फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा स्प्रे) यावर नीट बसत नाही, काच लावावीच लागते. फ्रेमवाल्याला आधीच सांगून ठेवा की काच आणि कागदाच्या मधे जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवा, काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर मे महिन्यात रंग काचेला चिकटतो आणि फ्रेम उघडली की अर्धा माणूस काचेवर येतो.